आधी काठ, मंग फूल

काठवाल्या बाई माणसाचं तोंड पहिले पाहत नव्हत्या. काठ पाहत. तुम्ही दारात उभे राहून "जय भीम बाई" म्हटलं, की त्याईची नजर तुमच्या शर्टाच्या बाहीवर जाये. मंग कॉलरवर. मंग पँटच्या मोहरीवर. तिथं एखादा धागा लोंबून राहिला असला, तं "थांब, ओढू नको," म्हणून त्या आत कैची आणाले जात. तवरक तुम्ही दारातच. माह्या तं पाचही जागी धागे लोंबत राहत, त्याच्यानं मी आत जाऊन बसेपर्यंत माहा चहा थंडा होऊन जाये.

खरं नाव त्याईचं विहाराच्या रजिस्टरात असन. आम्ही सगळे काठवाल्या बाईच म्हणो. शाळेत शिवणाच्या बाई होत्या. रिटायर झाल्यावर जरीपटक्याच्या मांगच्या गल्लीत, आपल्या घराच्या छपरीत, दुपारी बायकाईले मॅटीचं काम शिकवत. मॅटी म्हणजे ते भोकाभोकाचं कापड, ज्याच्यावर फुल्या-फुल्या मारून बायका मोर काढतात, बदक काढतात, दारावर लावाले वेलकम काढतात. क्रॉस स्टिच म्हणतात त्याले. बाईच्या छपरीत क्रॉस स्टिच शिकाले आलेली बाई पहिले आठ दिवस एकही फुली मारत नसे. काठ बांधे.

आता माहंही सांगून टाकतो. मी गांधीबागेत कपड्याच्या दुकानात आहो. शाळेत चौथीपर्यंत होतो, म्हणजे माहं शरीर होतं. लिवता येते मले, फक्त माहं लिवलेलं दुसऱ्याले वाचता येत नाही, म्हणून हे माह्या पोरीनं पुन्हा उतरवून काढलं. पण कपडा फाडण्यात माहा हात धरणारा पूर्ण गांधीबागेत नव्हता. कैचीनं काठावर एवढीशी चीर माराची, दोन हातानं धराचं, अन् टर्रर्र. सुताचा फरक नाही. गिऱ्हाईक दोन मीटर घ्याले ये अन् माहं फाडणं पाहून तीन घेऊन जाये, असं मी घरी सांगो. बायको म्हणे, "कपडा फाडता, आता गप्पा फाडू नका."

तं एका दुपारी बाई दुकानात आल्या. म्हणाल्या, "एक मीटर पांढरी मॅटी द्या." मी थान खाली घेतलं, मोजलं, चीर मारली, अन् टर्रर्र केलं. घडी करून बाईच्या पुढं ठेवली.

बाईनं घडीले हात लावला नाही.

"हे काय केलं गा?"

"फाडलं, बाई."

"मॅटी फाडली?"

"मी सगळंच फाडतो बाई. शेठले विचारा."

बाईनं घडी उलगडली. जिथून मी फाडली होती तिथं धागे असे बाहेर आले होते, जशा फुटक्या पाकिटातून शेवया. बाईनं तो काठ माह्या डोळ्यापुढं धरला. "ह्या कपड्याची वीण ढिली राहते. म्हणून तं भोकं दिसतात, अन् त्या भोकाईच्या भरोशावर फुली बसते. तू हिसका देला. आता हे चहूकडून सुटत येईन. इकडं बाई फुल्या मोजत राहीन, अन् तिकडून कापड पळून जाईन."

"मंग दुसरं फाडून देऊ का?" मी म्हटलं.

शेठ हसला. बाई नाही हसल्या. "दुसरं नको. हेच घेते. फाडलं कोणं?"

"मी."

"मंग काठ कोण बांधन?"

मी शेठकडं पाहिलं. शेठ पंख्याकडं पाहाले लागला. बाईनं पर्समधून सुई काढली, धागा ओवला, अन् माह्या हातात देली. भर दुपारी, गांधीबागेत, पांढऱ्या गादीवर मांडी घालून मी सुई चालवून राहिलो अन् बाई समोर उभ्या. "काठावरून घाल. खालून काढ. पुन्हा काठावरून. धाग्यानं काठाले मिठी मारत जाचं. आवळू नको गा, मिठी म्हटली मी, गळा दाब नाही म्हटलं." बाजूच्या दुकानाचे लोक पाहाले आले. एक जण म्हणे, "काय गा, लग्न ठरलं का तुहं?" शेठ म्हणे, "अबे छोड ना, काम कर रहा है, पहली बार कर रहा है."

एक बाजू झाली. मी मोठ्या ऐटीत उठलो. मॅटी माह्यासंग उठली. मी ते माह्या पँटले शिवून टाकलं होतं.

तवापासून माहं नाव फाड्या पडलं. बाईनंच पाडलं.

त्याच्यानंतर छपरीतल्या बायकाईची मॅटी, धागे, सुया पोहचवाचं काम माह्याकडं आलं. मोपेडवर घेऊन जाओ अन् जातच होतो तं बसो. बाई कापड कसं कापत ते पहिल्यांदा तिथं पाहिलं. जिथं कापाचं तिथला एक धागा सुईच्या टोकानं उचलत अन् हळूहळू पूर्ण ओढून काढत. कपड्यात बारीक पांदण पडे. "आता ह्या वाटेनं कैची चालव. कपडा स्वतःच सांगते कुठून कापाचं ते. तू विचारतच नाही." मंग चित्राच्या चहूबाजूनं चार-चार बोटं कोरी जागा सोडाची. मंग काठ बांधाचा. मंग घडी घालून मधला बिंदू काढाचा अन् तिथून पहिली फुली. "आधी काठ, मंग फूल," हे त्या दिवसातून इतक्यांदा म्हणत, की समोरच्या पानठेल्यावाल्यालेही पाठ झालं होतं.

एक नवीन लग्न झालेली पोरगी येत होती, पिंकी. ती एकदा मोबाइल पुढं करून म्हणे, "बाई, ह्या व्हिडिओत तं ती बाई डायरेक्ट फूल चालू करते. काठ-बिठ काहीच नाही."

"किती मिनिटाचा आहे वं व्हिडिओ?"

"तीन."

"तीन मिनिटात माहंही कापड सुटत नाही. तुले तीन महिने लागतीन."

पिंकीनं घरी चोरून पोपट सुरू केला. रिंगमध्ये कापड रोज ताणे, रोज काढे. चोचीपर्यंत पोहचली तवा कापड शेपटीपर्यंत सुटत आलं होतं. पोपट घेऊन रडत आली. मले वाटलं आता बाई धरतीन. बाईनं पोपट मांडीवर घेतला. खालून दुसरं कापड लावलं, दोन दुपार बसून शेपटी वाचवली, अन् काम झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "मोजणी चुकली तं उसवता येते बेटा. काठ गेला तं काय उसवशीन?"

मले मात्र हे आठ-आठ दिवस काठ बांधणं पटत नव्हतं. मी तेव्हा वाडीले खोली करून राहो. आजूबाजूले सगळे ट्रान्सपोर्टचे गोदाम. तिथं हमाल लोक नायलॉनच्या दोरीचं टोक मेणबत्तीवर धरतात, टोक वितळून बंद होते, दोरी सुटत नाही. मी म्हटलं, लोकाईले एवढी साधी गोष्ट सुचली नाही? बाईकडची एक पट्टी घरी आणली अन् मेणबत्तीवर धरली. मॅटी सुती असते हे मले मॅटीनंच सांगितलं, पेटून. पडदा थोडक्यात वाचला.

मंग बायकोची नेलपॉलिश लावली. काठ असा कडक झाला की त्याच्यानं सुपारी कापता आली असती. सुई घालाले गेलो, सुई मोडली. बायको म्हणे, "माही लग्नातली नेलपॉलिश व्हय ते! एवढे दिवस पुरवून वापरून राहिली होती मी!" त्याच्यानंतर गोदामातली खाकी टेप आणली, डब्ब्याईले लावतात ती. चहूबाजूनं चिटकवली. एकदम झकास. आठ दिवसानं टेप काढली तं काठाचे धागे तिच्यासंगच निघून आले, अन् जे राहिले त्याईवर असा गोंद, की त्याच्यावर मुंग्या फिराले लागल्या.

हे तिन्ही तुकडे मी बाईले दाखवले. बाईनं ते एका वहीत टाचून ठेवले. नवीन कोणी आलं की वही उघडत. "हे जळलेलं पाहा. हे कडक झालेलं पाहा. अन् हे चिकट. चिकट गोष्टीचा भरोसा धरू नये वं, निघताना संग घेऊन जाते." मंग माह्याकडं बोट दाखवत. "हे सगळे ह्यानं करून पाहिले. लय कामाचा माणूस आहे."

ज्या बायकाईले घाई असे, त्याईच्यासाठी मात्र बाईनं एक सूट ठेवली होती. जुन्या कपड्याची पट्टी काठाले कच्च्या टाक्यानं जोडाची. रिंग त्या पट्टीले पकडते, मॅटीले त्रास नाही. अन् पूर्ण काम झालं की पट्टी काढून फेकाची. बाईचं दुसरं काही माह्या डोक्यात राहत नसे. हे बरोबर राहिलं.

बाईचे डोळे जाऊन राहिले होते. काचबिंदू. डॉक्टरनं सांगितलं होतं, गेलं ते येणार नाही, आहे ते सांभाळा. बाईनं काय केलं, तं विहारासाठी पिंपळाचं झाड काढाले घेतलं. दोन हात उंच, दीड हात रुंद. पूर्ण झाड, फुली-फुलीचं. बायका म्हणाल्या, बाई, आम्ही करतो, तुम्ही नुसतं सांगा. बाई म्हणाल्या, "जितका उजेड आहे तितके पानं काढते. उरलं तं तुम्ही करा." विहाराच्या जागी पहिले नुसता पिंपळ होता अन् खाली ओटा. बाईची माय तिथंच येऊन बसे, सगळ्या बायका तिथंच जमत. विहार मांगून बांधलं, झाड त्याच्या आधीच पडलं. ते झाड पाहिलेल्यातल्या बाईच उरल्या होत्या.

तीन वर्ष चाललं ते. शेवटी-शेवटी बाई फक्त सकाळी दहा ते बारा बसत, छपरीत ऊन येते तेवढाच वेळ. भोकं डोळ्यानं दिसत नव्हते, सुईच्या टोकानं मोजत.

अन् त्या कापडाच्या काठाले बाईनं जी पट्टी लावली होती, ती त्याईच्या मायच्या लुगड्याची होती. दीक्षा घेतली त्या दिवशी मायनं नेसलेलं पांढरं लुगडं. इतक्या वर्षात विरून-विरून त्याच्यातून चार पट्ट्याच निघण्यासारख्या उरल्या होत्या. कच्च्या टाक्यानं नाही, पक्क्या टाक्यानं लावल्या होत्या. हे बाईनं कोणालेच सांगितलं नव्हतं. तुम्हाले आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मले गाढव म्हणाले तुम्हाले उशीर होणार नाही.

झाड पौर्णिमेले विहारात लावाचं होतं, अन् तिले दहा दिवस उरले होते. शेवटचं पान झालं. विहारवाल्या लोकाईनं भिंत रंगवून ठेवली होती. बाईनं कापड गुंडाळून माह्या हातात देलं. "फ्रेमवाल्याकडं ने. अन् तू काही करू नको."

काही करू नको, हे मले आजपर्यंत कोणाचंच ऐकता आलं नाही.

दुकानात आणून मी ते शेठले दाखवाले उघडलं. झाड पाहून शेठ गादीवरून उठून जवळ आला. अन् मले काय दिसलं, तं चहूबाजूनं लावलेली पिवळी पडलेली चिंधी. मी म्हटलं, बाईले दिसत नाही म्हणून काढाची राहिली. आपण करू साफसूफ, बाई खूश होतीन. टाके उसवाले गेलो तं उसवत नव्हते, इतके बारीक. मंग दुकानातली मोठी कैची घेतली अन् पट्टीच्या आतून, झाडाच्या एकदम जवळून कापलं. चारही बाजू. एकदम सरळ. आयुष्यात पहिल्यांदा मी काही फाडलं नव्हतं, कापलं होतं. मलेच माहं कौतुक वाटलं. तीन पट्ट्याईनं गुंडाळी बांधली. रस्त्यात मोपेडची चेन पडली, तं चौथीनं हात पुसले अन् चेन पुसली.

फ्रेमवाल्यानं कापड टेबलावर पसरलं अन् माह्याकडं पाहिलं.

"भाऊ, ताणाले जागा कुठं आहे? खिळे काय पानात ठोकू?"

चार बोटाची जागा गेली होती. पट्टीसंग मीच कापली होती. तो बोलून राहिला होता अन् खालच्या बाजूनं एक धागा टेबलावर पडला. मंग दुसरा. झाडाचं मूळ तिथून अर्धं बोट होतं.

मी गुंडाळी उचलली अन् सीधा जरीपटक्याले निघालो. सीधा म्हणजे, बाजारात थांबून मेथीची जुडी घेतली. मले मेथी नको होती. पाय पुढं जात नव्हते, म्हणून काहीतरी घेतलं. एका हातात झाड अन् एका हातात मेथी घेऊन मी बाईच्या दारात उभा राहिलो.

बाईनं त्या दिवशी माही कॉलर पाहिली नाही. "फाड्या, लवकर आला?" म्हणून गुंडाळीले हात लावला. गाठ लागली हाताले. गाठीवरून बोट फिरवलं. मंग गुंडाळी उघडून एका बाजूनं काठ चाचपला. मंग दुसऱ्या बाजूनं.

"पट्टी कोणं काढली?"

"मी, बाई. तुम्हीच म्हणता ना, काम झालं की..."

बाई खाटेवर बसल्या. गाठ सोडली, तीन पट्ट्या मांडीवर सरळ केल्या. अन् मंग लुगड्याचं सांगितलं. ओरडल्या असत्या तं बरं झालं असतं. मी कशावरही काही ना काही बोलतो, मयतीतही बोलतो, लोक मले म्हणूनच बोलावतात. त्या दिवशी मी खाली बसून मेथी निवडाले लागलो.

"ह्या तीन आहेत," बाई म्हणाल्या. "चौथी?"

"दुकानात राहिली बाई. उद्या आणतो."

चौथी माह्या खिशात होती. काळी.

घरी जाऊन धुवाले घेतली. पाण्यात टाकली तं तिचेच धागे निघाले लागले, तशीच बाहेर काढून वाळवली. मंग माहं डोकं चाललं. मी कपड्याच्या दुकानात आहो, पांढऱ्या कपड्याची काय कमी? एक जुनं मऊ मलमल शोधलं, तीनदा धुतलं, चहाच्या पाण्यात बुडवलं, उन्हात टाकलं. अशी हुबेहूब पट्टी झाली की बायकोही फसली. म्हटलं, बाईले तसंही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी चारही पट्ट्या बाईच्या मांडीवर ठेवल्या. बाईनं एकेकीवरून अंगठा फिरवला. पहिली. दुसरी. तिसरी. चौथीवर थांबल्या.

"ही माय नाही."

मी खिशात हात घातला अन् काळी पट्टी त्याईच्या हातात देली. बाईनं ती नाकाजवळ नेली.

"काय पुसलं?"

"चेन. मोपेडची."

बाईनं पट्टी मांडीवर सरळ केली. मंग बाई म्हणाल्या, "माय कोळशाच्या डेपोत होती गा. संध्याकाळी घरी आली की दात तेवढे पांढरे दिसत. ते पांढरं लुगडं तिनं एकच दिवस नेसलं. तिले काळ्याचं काय?" पट्टी माह्याकडं देली. "लाव."

"कोण, मी?"

"कापलं कोणं?"

"मी."

"मंग मले काय विचारतं?"

शेठले सांगून आठ दुपार सुट्टी काढली. शेठ म्हणे, "बीमार है क्या?" मी म्हटलं, शिवाले जातो. त्याले तेच बिमारीपेक्षा मोठं वाटलं. पहिले सुटणारे धागे थांबवाले बाईनं मले काठाच्या आतून बारीक टाक्याची एक ओळ घालाले लावली. मंग एकेक पट्टी. मी सुई घालो अन् माह्या मांगून बाईचं बोट चाले. "आवळलं. ढिलं कर." "हा टाका पळाला." "इथं काय केलं, पाय दुखला का तुहा?" दुपारी शिकाले आलेल्या बायका काम सोडून मलेच पाहत बसत. पिंकी म्हणे, "फाड्याभाऊ, तुमच्यासाठी बांगड्या आणू का?" मी म्हटलं, आण वं, हिरव्या आण. बाईचं बोट टाक्यावरच होतं. "हात चालव. तोंड मांगून."

तीन बाजू बऱ्या झाल्या. चौथी, खालची, काळी, ती काही जमली नाही. तेल लागलेला कपडा सुईखालून सरके. कोपरा तं तीनदा उसवला. पौर्णिमा परवावर आली, तवा बाईनं म्हटलं, राहू दे.

फ्रेम आता होणार नव्हती. बाईनं वरच्या पट्टीत लाकडी दांडी घालाले सांगितली, अन् झाड तसंच मोकळं भिंतीवर लावाचं ठरलं. दांडी घालताना बाई म्हणाल्या, "फ्रेममध्ये गेलं असतं तं पट्टी मांगं मुडपून खिळ्याखाली गेली असती. माय जिंदगीभर मांगंच राहिली. आता दिसन."

मले जरा जीव आला. म्हटलं, "म्हणजे बाई, माहं बरोबरच झालं ना?"

"नाही. गाढवपणा तो गाढवपणाच. पण काठ चांगला बांधला." मंग खालची बाजू चाचपून म्हणाल्या, "इकडचा सोडून."

पौर्णिमेले सगळी वस्ती आली. लोक झाडापुढं उभे राहत, पानं पाहत, मोबाइल काढत. एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "एवढं सुंदर काम, अन् खाली ही काळी चिंधी काहून लावली वं?" मी भिंतीमांगं जाले जागा पाहून राहिलो होतो. बाई म्हणाल्या, "ते माह्या मायचं लुगडं आहे." म्हातारीनं पुढं होऊन त्या काळ्या पट्टीले हात लावला अन् तोच हात कपाळाले लावला. मंग तिच्या मांगचीनंही लावला.

त्याच्यानंतर वर्षभरात बाईचा उजेड पूर्ण गेला. तरी दर रविवारी कोणाच्या तरी हाताले धरून विहारात येत अन् काठावरून बोट फिरवत, वरून सुरू करून चहूबाजूनं. खालच्या कोपऱ्यात आल्या की थांबत. "फाड्या आहे का इथं?" मी असलो तं ओ देओ. "हे पाहा, तुहं पुन्हा सुटलं." मी खिशातून सुई काढो. सुई आता खिशातच राहे.

यंदा उन्हाळ्यात बाई गेल्या. सकाळी फोन आला, पांढरा कपडा घेऊन ये. आमच्या दुकानातून असा मयतीचा कपडा शेकडोवेळा गेला. त्याले कोणी कैचीनं कापत नाही. चीर माराची, फाडाचा, घडी करून द्याचा. शेठनं थान काढलं, माह्यापुढं टाकलं. म्हणे, "फाड."

मी धरलं दोन हातानं. अन् तसंच खाली ठेवलं.

मंग सुईनं एक धागा उचलला. ओढला. वाट पडली. त्या वाटेनं कैची चालवली. शेठ पंख्याकडं पाहाले लागला, जसा पहिल्या दिवशी लागला होता.

बाईच्या छपरीत जाऊन मी कोपऱ्यात बसलो अन् काठ बांधाले लागलो. लोक येऊन राहिले होते. बाईचा पुतण्या म्हणे, "भाऊ, हे काय करून राहिले? जळणाऱ्या कपड्याले काठ कशाले?" मी सुई चालवत राहिलो. पिंकी आपल्या पोराले कडेवर घेऊन उभी होती. ती पुतण्याले म्हणाली, "करू द्या. बाईचा नियम आहे." मंग पोराले दुसरीकडं देऊन माह्या बाजूले बसली अन् दुसऱ्या टोकानं तिनं सुरू केलं. आणखी दोघी बसल्या. तीन बाजू झाल्या. चौथी अर्धी झाली होती तवा बाहेरून आवाज आला, चला, उशीर होते. मी गाठ मारली अन् कपडा देला.

दुकानात मी आता मॅटी फाडत नाही. धागा ओढतो, कापतो, अन् चारही कोपऱ्याईले दोन-दोन टाके घालून मंगच देतो. गिऱ्हाईक म्हणते, भाऊ, लय वेळ लावता. शेठ त्याईले सांगते, "उसका ऐसाच है, बैठो, चाय पिओ."

विहारातलं झाड चांगलं आहे. एक पान हललं नाही. फक्त खालच्या बाजूचा तो कोपरा दरवर्षी सुटते, अन् दरवर्षी पौर्णिमेच्या आधी मी जाऊन बांधतो. विहारवाले म्हणतात, "फाड्याभाऊ, एकदाची मशीन मारून घ्या ना, पक्कं होईन."

मी म्हणतो, हो, मारू. पुढच्या वर्षी पाहू.